अँटिक मॉलमधून वस्तऱ्याचा दगड पटकवायची खात्रीशीर पद्धत

अमेरिकेत असाल आणि हातात पैसा खुळखुळत असेल तर हे नीट वाचा. अँटिक मॉलमध्ये, म्हणजे जिथे बरेच विक्रेते आपापल्या बूथमध्ये जुन्या वस्तू मांडतात तिथे, शिरल्या शिरल्या काउंटरवरच्या आजींना खणखणीत आवाजात विचारायचं, वस्तऱ्याला धार लावायचे जुने दगड आहेत का, जर्मन असला तर किमतीचं बघू नका. मग आजी बूथवाल्याला फोन लावतील आणि सकाळी ५ डॉलरची चिठ्ठी असलेला दगड दुपारी ४५ ला होईल, पण निदान आपण काहीतरी मौल्यवान घेतलं असं तरी वाटेल ना! चेहरा मख्ख ठेवून आधी दोन कपबश्या उचलायच्या आणि जाता जाता सहज दगडाकडे बोट दाखवायचं, असले चाळे चिकट लोकांचे.

शोधायचं फक्त कुलूपबंद काचेच्या कपाटात. खालच्या गंजक्या पान्या-हातोड्यांच्या खोक्यात हात घालू नका, नखं काळी होतात. तिथे तेल पिऊन काळाकुट्ट झालेला एखादा ठोकळा पडलेला असतो, काही येडे तो घरी नेऊन डिग्रीजरमध्ये भिजवतात, क्वचित खालून पिवळा बेल्जियन कॉटिक्युल, म्हणजे वस्तऱ्याचा नावाजलेला नैसर्गिक दगड, निघतो आणि बाकी सगळ्या वेळा कार्बोरंडम, म्हणजे कारखान्यात बनवलेला धारेचा दगड. निघणारच. एडवर्ड अॅचेसन १८९१ मध्ये कृत्रिम हिरे करायला निघाला होता, हाती लागलं हे, मग १८९५ मध्ये नायगारा फॉल्सला कारखाना टाकला, आणि तेव्हापासून प्रत्येक आजोबाच्या गॅरेजमध्ये एक वीट पडलीये असं वाटतं. ती तुम्ही 'रेअर' म्हणून घ्या, चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं असतं.

आता मुख्य. एखाद्या लांबट राखाडी-हिरव्या दगडाला जुना कागद चिकटलेला दिसला आणि त्यावर एशर, झोनेबर्ग (जर्मनीतल्या थुरिंजियाची जुनी दगडवाली कंपनी आणि तिचं गाव) असं काहीतरी असेल तर आधी थुंकी लावून तो कागद खरवडून काढा, फार गचाळ दिसतो. लोक त्या कागदापायी शेकडो डॉलर मोजतात, कागद गेला की तो नुसता 'बहुतेक थुरिंजियन', मग बसा सिद्ध करत.

कॉटिक्युलच्या खाली काळी पाटी चिकटवलेली असली की दुकानदार म्हणतो, तुटलेला जोडलाय. तुम्हीही मान डोलवा आणि ठेवून द्या. (बेल्जियमच्या आर्डेनमध्ये व्हिएलसाल्मच्या आसपास तो पिवळा थर मुळातच पातळ सापडायचा, म्हणून आधाराला खाली स्लेट लावायचे. पण हे मनात ठेवा, तुमच्यामागे उभा असलेला माणूस तेवढ्यासाठीच थांबलाय.) आर्कान्सासच्या चांगल्या अर्धपारदर्शक दगडाच्या कडेला मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड आत झिरपतो. तो बघायचा नाही. चारचौघात टॉर्च काढलेला बरा नाही दिसत.

आपल्याकडे गावच्या न्हाव्याच्या धोकटीत असायचा की एक दगड, अख्ख्या गावाच्या दाढ्या त्यावर निघाल्या, आणि तो कुठला, किती दुर्मिळ, कोणी विचारलं नाही. बिचारा अडाणी. त्याला एकच दगड पुरायचा. तुम्हाला सात-आठ तरी लागतील, शिवाय ते सपाट करायला काच, त्यावर चिकटवायचा सँडपेपर आणि बाथरूमच्या सिंकपाशी उभं राहायला अख्खा रविवार, कारण मध्ये खोलगट झालेल्या दगडावर वस्तरा सरळ टेकत नाही. घरच्यांना सांगा की ही इन्व्हेस्टमेंट आहे.

दाढीची घाई नको, ती ट्रिमरने होतेच. धार आली का हे हातावरच्या केसांवरच बघतात, तेही आधी डाव्या हाताच्या. ऑफिसमध्ये कोणी विचारलंच की एकच हात असा गुळगुळीत कसा, तर अॅलर्जी म्हणा.