पडवीत बसून हिमालयातली हेरकथा निकालात कशी काढावी

कादंबरी वाचू नका, ही पहिली अट. वाचलं की मत गढूळ होतं, 'तसं बघायला गेलं तर' असली वाक्यं तोंडात यायला लागतात, आणि मग चारचौघांत तुम्हाला कोणी विचारत नाही.

गावच्या वाचनालयातून सध्या जी जाडजूड हेरकथा हातोहात फिरते आहे, तिच्यावर बोलायची पाळी आज ना उद्या तुमच्यावर येणारच. विषय मुखपृष्ठावरून कळलेला आहे: हिमालयातली मोहीम, एका दोराला बांधलेली माणसं, त्यातला एक फितूर, आणि तो कोण हे हुडकायला गिर्यारोहक म्हणून घुसवलेला आपला हेर. एवढ्या भांडवलावर दीड तास सहज निघतो. दिवसही सोयीचे आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, बाहेर धो धो, आणि दुपारची लाइट गेलेली. अशा वेळी सबंध गावाला वाचायला सवड असते आणि न वाचता बोलायला त्याहून जास्त.

कोणीतरी आगाऊ पोरगा विचारेल, 'काका, तुम्ही कधी बर्फ तरी पाहिलाय का?' बिचकू नका. बर्फ आपल्याइतका कोणी हाताळलाय? जेटीवर लाद्यांनी येतो, फोडून मासळीच्या क्रेटात भरतो, त्याच्यावर पाय घसरून पडणारे आपणच. उंचीचं म्हणाल तर जगातलं प्रत्येक शिखर समुद्रसपाटीपासून मोजतात. एव्हरेस्ट ८८४८.८६ मीटर, नंदादेवी ७८१६ मीटर, हे मोजायला सुरुवात कुठून? आपल्या पुळणीवरून. शून्य ज्याच्या दारात, त्याला बोलायचा हक्क नाही तर कोणाला? आणि आपल्याकडे रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालापासून चालू आहे, म्हणजे पुस्तकांना नावं ठेवण्याचा आपला अनुभव दोनशे वर्षांच्या घरात गेला. तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले ते १९५३ ला. कोण सीनियर ते तुम्हीच ठरवा.

पुस्तक हातात आलंच, तर शेवटून सुरुवात करा. आधी तारखांचा चिकटवलेला कागद बघा: कोणी नेलं, किती दिवसांत परत आणलं. पुस्तक चारच दिवसांत परत आलेलं असलं तर 'उथळ' म्हणा. महिनाभर अडकलेलं असलं तर 'रटाळ' म्हणा. मग पान उलटा. वाचनालयाच्या प्रतीत एखाद्या परोपकारी सभासदाने फितूर जिथे पहिल्यांदा तंबूत शिरतो तिथेच समासात पेन्सिलीने 'हाच तो' असं लिहून ठेवलेलं असतं. तुमचं काम झालं. आता जो माणूस निम्म्यापर्यंत पोचलाय त्याला गाठा आणि सांगा, 'मला तर पहिल्याच प्रकरणात कळलं होतं.' नाव सांगितलंच पाहिजे असं नाही, नुसतं 'त्या डॉक्टरकडे लक्ष ठेव हो' म्हटलं की पुरे. त्याचा पुढचा आठवडा वाया जातो.

यापुढचं सगळं मत एका वाक्यावर पेलायचं आहे: 'हे काही पटत नाही बुवा.' हे केव्हा म्हणायचं, हीच खरी कला. नियम असा की कादंबरीत जे खरोखर घडलेलं आहे त्याच्यावर बोट ठेवायचं, आणि जे कधीच घडू शकत नाही त्याला 'काय अभ्यास आहे लेखकाचा!' म्हणून दाद द्यायची.

आमच्याकडे वाचनालयाच्या मागच्या बैठकीत हे फार छान जमलं. कादंबरीत एक जुनं प्रकरण आहे, त्यात एक हेर यात्रेकरूच्या वेषात तिबेटात जातो आणि जपमाळेचे मणी ओढत अंतर मोजतो. माळ शंभर मण्यांची. भजनीबुवांनी तिथेच पुस्तक मिटलं. 'जपमाळ एकशे आठ मण्यांची असते. लेखकाला एवढंही ठाऊक नसेल तर पुढे काय वाचायचं?' सगळ्यांनी माना डोलावल्या. आता नैनसिंग रावत नावाचा कुमाऊंचा एक शाळामास्तर इंग्रजांच्या सर्व्हे खात्यासाठी खरोखरच असा निघाला होता आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. दर शंभर पावलांना एक मणी, अख्खी माळ फिरली की दहा हजार पावलं. हिशेब सोपा जावा म्हणूनच आठ मणी कमी. टिपणं प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी लपवलेली, आणि उंची काढायची ती पाणी किती अंशांवर उकळतं ते बघून. १८७७ ला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. वाटेत एकाही तिबेटी अधिकाऱ्याने त्याच्या माळेचे मणी मोजले नाहीत. आमचे बुवा तिथे नव्हते म्हणून, नाहीतर तो पहिल्याच नाक्यावर पकडला गेला असता.

पुढे कादंबरीत अणूवर चालणारं यंत्र डोंगरावर नेतात आणि ते हरवतं. यावर निवृत्त तलाठीभाऊ जे भडकले ते बघण्यासारखं होतं. 'सरकारी वस्तू अशी हरवते? पंचनामा नाही, जबाब नाही, चार्ज कोणाकडे होता त्याचा पत्ता नाही! लेखकाने कधी सरकारी कचेरीची पायरी चढलेली दिसत नाही.' टाळ्या पडल्या. अशा वेळी मधे बोलून विरस करू नका. कारण झालं होतं ते असं: १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने लोप नोरला अणुबॉम्बची चाचणी केली. पलीकडच्या क्षेपणास्त्रांचं काय चाललंय ते ऐकायला हिमालयाच्या माथ्यावर यंत्र बसवायचं, असं अमेरिकेच्या सीआयएने आणि आपल्या गुप्तचर खात्याने मिळून ठरवलं. नेतृत्व एम. एस. कोहलींकडे, म्हणजे १९६५ च्या मे महिन्यात नऊ भारतीयांना एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचवणाऱ्या मोहिमेचे नेते. माणूस मुळात नौदलाचा, हे आपल्या बाजूने आवर्जून सांगायला हरकत नाही. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर प्लुटोनियमवर चालणारं ते धूड घेऊन तुकडी नंदादेवीवर चढली. प्लुटोनियमची ऊब लागायची म्हणून ते ओझं पाठीवर घ्यायला शेर्पांना आवडायचं, असं मोहिमेतल्या लोकांनीच नंतर सांगितलंय. वर हवा बिघडली. जीव वाचवायला सामान कपारीत बांधून माणसं खाली उतरली, आणि १९६६ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला परत जाऊन बघतात तर हिमकडा कोसळून सगळं गायब. आजतागायत सापडलेलं नाही. मग १९६७ ला दुसरं यंत्र शेजारच्या नंदाकोटवर बसवलं. हे सगळं गुपचूप राहिलं. १९७८ ला एका अमेरिकी मासिकाने फोडलं, आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंना लोकसभेत उभं राहून खुलासा करावा लागला. २०२१ च्या फेब्रुवारीत नंदादेवीच्या पायथ्याकडच्या चमोली जिल्ह्यात पूर आला, तेव्हा शास्त्रज्ञ कडा आणि बर्फ कोसळल्याचं सांगत होते, तरी रैणी गावच्या माणसांनी बोट दाखवलं ते त्या हरवलेल्या यंत्राकडे.

पंचनाम्याबद्दल तलाठीभाऊंचं म्हणणं मात्र रास्त आहे. कपारीत बांधून ठेवणे ही काही पोचपावती नव्हे.

आता दाद कुठे द्यायची ते बघा. आठ हजार मीटरवर, फितूर आणि हेर दोघेही तोंडावरचा ऑक्सिजनचा मुखवटा भिरकावून देतात आणि सलग तीन पानं देशभक्तीवर संवाद करतात. तिथल्या हवेत माणसाला प्राणवायू आपल्या पुळणीच्या मानाने एक तृतीयांशाच्या जरा वर मिळतो. दोन पावलं टाकली की माणूस थांबून धापा टाकतो, आणि इथे परिच्छेदाला अल्पविरामसुद्धा नाही. तुम्ही म्हणा, 'काय ताकदीचे संवाद!' मग हेर उघड्या हाताने पिस्तूल काढतो, बोटं शाबूत राहतात, गोळीच्या आवाजाने हिमकडा कोसळतो आणि फितूर गाडला जातो. नुसत्या आवाजाने असा कडा सहसा कोसळत नाही. तो बहुतेक वेळा सापडलेल्या माणसाच्या स्वतःच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटतो. तुम्ही म्हणा, 'अंगावर काटा आला.' शेवटी दोघे वाचलेले वीर तंबूत वाफाळता, जीभ पोळणारा चहा पितात. तिथे पाणी ७३-७४ अंशांनाच उकळतं, म्हणजे तिथला कडक चहा तुमच्या बायकोने पुढ्यात ठेवला तर तुम्ही तो परत गरम करायला पाठवाल. पण इथे डोळे मिटा आणि म्हणा, 'बारकावे बघा, बारकावे!'

एका धोक्याबद्दल सावध करायला हवं. बैठकीत कधीकधी विषय खरोखर कळणारा माणूस येऊन बसतो. आमच्याकडे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आले होते. बंदीचे दिवस, घरी नातवंडांचा कालवा, म्हणून आले. पुस्तक त्यांनी अख्खं वाचलं होतं, हीच मुळात शंकेची बाब. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बाकीचा माका कळना नाय. पन दोर भिजलो की गाठ घट्ट आवळान बसता. आनि हो बाबो हातमोजे घालून, काळोखात, ती एका झटक्यात सोडता? आमका जाळ्याची गाठ सोडूक दात लावूक लागतत." आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. पुस्तकांचे गठ्ठे बांधायला ठेवलेल्या सुतळीचा तुकडा घेतला, प्याल्यातल्या पाण्यात बुडवला, एक गाठ मारली, कचकन ओढली आणि अध्यक्षांपुढे सरकवली. अध्यक्षांनी नखं लावून बघितली. चष्मा काढून बघितली. मग सभेकडे बघत तो तुकडा हळूच सदऱ्याच्या खिशात घातला. सचिव म्हणाले, "तांडेलानू, विषयाला धरून बोला," आणि चर्चा लेखकाच्या भाषाशैलीकडे वळली. इतिवृत्तात गाठीचा उल्लेख नाही. असा प्रसंग तुमच्यावर ओढवला तर हेच करा. शैली हा विषय कुठूनही काढता येतो, आणि त्यावर कोणालाच सुतळी भिजवता येत नाही.

गणपतीला चाकरमानी येतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका. ते म्हणतील, 'असलं इंग्रजीत वाचावं.' कोणतं वाचलंत म्हणून विचारू नका, आरतीची वेळ झाली म्हणा. दशावतारातल्या संकासुरापुढे हा खलनायक फिका आहे, असं एखादे आजोबा म्हणतील. त्यांचं मात्र शांतपणे ऐका, कारण संकासूर त्यांनी रात्रभर जागून पाहिलेला असतो.

आणि व्याख्यानमालेला लेखकालाच बोलावलं असेल, तर पहिल्या रांगेत बसा. भाषणात डुलकी लागली तरी चालेल. 'कोणाला काही विचारायचं आहे का?' हे कानावर पडताच उभे राहा, माइक दोन्ही हातांनी धरा आणि म्हणा, 'प्रश्न असा नाही, थोडं मनोगत आहे.' मग जेटीवरच्या बर्फापासून सुरू करून शंभर मण्यांच्या माळेपर्यंत या. लेखक नैनसिंगाचं नाव घ्यायला तोंड उघडेल, त्याला 'माझं पुरं होऊ द्या' म्हणून बसवा. कणकवलीकडे जाणारी शेवटची एसटी चुकली तर पाहुण्यांच्या मुक्कामाची व्यवस्था सचिवांकडे आहे, जेवायला सोलकढी-भात. त्यांना तुमच्या घरी न्यायला मात्र कबूल होऊ नका. रात्री पडवीत बसल्यावर ते विचारतील, आवडलेलं प्रकरण कुठलं.