सोळाव्या लुईवर व्हिडिओ करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

14 जुलै आला की घराघरातल्या ग्रुपवर फ्रेंच राज्यक्रांती उगवते. यंदाही उगवली, आणि विलासी राजा सोळावा लुई व उपाशी प्रजा यांचा तो व्हिडिओ ज्या उत्साहाने पुढे ढकलला गेला, तो पाहता असे आणखी निघणारच. म्हणून होतकरू इतिहासकारांसाठी या चार सूचना.

आधी चित्र. सोळाव्या लुईचं चित्र शोधण्यात वेळ घालवू नका. लाल टाचांचे बूट आणि डोंगराएवढा केसांचा टोप असलेला जो पहिला राजा सापडेल तो चिकटवा. तो बहुधा चौदावा निघतो, सोळावा जन्मायच्या 39 वर्षं आधी वारलेला. पण लुई तो लुई! ‘मी म्हणजेच राज्य’ हे वाक्यही सोळाव्याच्या तोंडी घाला. चौदावा तरी तसं म्हणाल्याचा पुरावा कुठे आहे?

केक हवाच. ‘पाव नाही तर केक खा’ हे राणी मारी आंत्वानेतच म्हणाली, असं छातीठोक सांगा. रूसोच्या आत्मचरित्रात ते एका निनावी राजकन्येच्या नावावर आहे, तिथे केक नसून ब्रियोश (लोणी-अंडी घातलेला पाव) आहे, आणि रूसो तो भाग लिहीत होता तेव्हा मारी व्हिएन्नात बागडणारी पोर होती. या असल्या तपशिलांनी लाइक मिळत नाहीत.

हिऱ्यांचा हार राणीने घेतला, असं म्हणा. घेतला नव्हता, हे दुसऱ्या भागात सांगू.

पॅरिसचा बॅस्टिल हा तुरुंग-किल्ला पडला त्या दिवशी, म्हणजे 14 जुलै 1789 ला, राजाने रोजनिशीत ‘काही नाही’ असं लिहिलं, हे सांगून थोडं थांबा आणि संगीत वाढवा. ती वही मुख्यतः शिकारीची होती आणि त्या दिवशी शिकार मिळाली नव्हती, हे बोललात तर सगळा परिणाम पाण्यात.

आता मुख्य मुद्दा, दिवाळखोरी. कारण एकच द्यायचं: राणीचे कपडे. 1788 चा जमाखर्च चुकूनही उघडू नका. त्यात खर्च सुमारे 63 कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) आहे, जमा 50 कोटी, आणि दरबारावरचा खर्च जेमतेम साडेतीन कोटी, म्हणजे शेकडा सहा. कर्जफेडीला किती? जवळजवळ 32 कोटी, निम्मा खर्च! हे कर्ज आलं कुठून? अर्थमंत्री तुर्गोने 1774 मध्येच बजावलं होतं: दिवाळं नाही, करवाढ नाही, कर्ज नाही. 1776 मध्ये त्याला घरी पाठवलं आणि 1778 मध्ये अमेरिकेच्या बाजूने इंग्रजांशी लढाई ओढवून घेतली. तिचा खर्च शंभर कोटी लिव्रच्या वर गेला. (याच सुमारास, 1777 मध्ये, फ्रेंच राजाचा वकील म्हणवणारा सँ-ल्युबँ पुण्यात नाना फडणवीसांना भेटला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. मराठी प्रेक्षकांसाठी मराठीत व्हिडिओ करता, आणि एवढंही सुचत नाही?) पुढे तिजोरी सांभाळणाऱ्या नेकेरने लढाईसाठी नवा कर न बसवता आयुष्यभराच्या वर्षासनावर पैसे उचलले. तुम्ही एकरकमी पैसे द्यायचे, एका माणसाचं नाव लावायचं, आणि तो माणूस जगेल तोवर सरकारने तुम्हाला दरसाल 8 ते 10 टक्के द्यायचे. तो गेला की हप्ता बंद, मुद्दल सरकारचं. पण दर वयानुसार नाही! साठीच्या म्हाताऱ्याला जो दर, तोच सात वर्षांच्या मुलीला. आणि नाव स्वतःचंच लावावं असंही बंधन नाही. जिनिव्हाच्या बँकवाल्यांनी काय केलं? देवीतून उठलेल्या, धडधाकट घरातल्या तीसेक मुली डॉक्टरांकडून निवडून घेतल्या आणि त्यांच्या नावांवर पैसे लावले. 10 टक्क्यांनी 10 वर्षांत मुद्दल वसूल, पुढे पोरगी जगेल तितकी वर्षं नुसती कमाई. विम्याची पॉलिसी विकणाऱ्या कुठल्याही एजंटाला विचारा, तो कपाळाला हात लावेल. यात राणीचे झगे कुठे आले?

वर 1781 मध्ये नेकेरने जो जमाखर्च छापला, त्यात लढाईचा खर्चच वगळून कोटीभर लिव्र शिल्लक दाखवली. लोक म्हणाले, शिल्लक आहे तर नवा कर कशाला? 1787 मध्ये तेव्हाचा अर्थमंत्री कालोनने सरदार आणि पाद्री यांच्यासकट सगळ्यांच्या जमिनीवर कर सुचवला, तर राजानेच निवडून बोलावलेल्या मान्यवरांनी तो झुगारला. पुढे पॅरिसच्या न्यायपीठाने कराचा हुकूम नोंदवून घ्यायलाच नकार दिला. राजाला पैसे मिळेनात, म्हणून 1614 नंतर पहिल्यांदा पाद्री, सरदार आणि सामान्य अशा तिन्ही वर्गांची सभा 1789 मध्ये भरवावी लागली. या सगळ्याला तुमच्या व्हिडिओत अकरा सेकंदसुद्धा नाहीत!

राजाला मृत्युदंड ‘एकमताने’ झाला, असं ठोकून द्या. दोषी ठरवताना विरोधात मत पडलं नाही, हे खरं; पण देहदंडाला 387 विरुद्ध 334 मतं होती.

आता उपरोध पुरे. अहो, सोळावा लुई दुबळा होता, धरसोड करणारा होता, वेळेवर निर्णय घेत नव्हता, 1791 मध्ये पॅरिसहून पळून जाताना वारेनच्या रस्त्यावर त्याची गाडी इतकी उशिरा पोहोचली की सोबतीला ठेवलेलं घोडदळ वाट पाहून निघून गेलं होतं. त्याला झोडपायला खरं साहित्य ढीगभर पडलंय, तुम्हाला खोट्याची गरजच काय? गिलोटिनचं पातं खाली येतानाचं ऍनिमेशन फ्रेम-फ्रेम घासून करता, आणि जमाखर्चाचा एक तक्ता वाचायला वेळ नाही? नसेल वाचायचं तर नका वाचू. पण मग वर ‘सत्य इतिहास’ अशी पट्टी तरी लावू नका, आणि ज्यांनी न बघता पुढे ढकलला त्यांनीही तोंड वर करून ‘माहितीपूर्ण आहे’ म्हणू नये.