फाळ तुटला तर कुणाकडं जायचं?

सोलापुरात होम मैदानावरचं कृषी प्रदर्शन बघून आम्ही चौघं पार्क चौकात येऊन टेकलो. चहा यायच्या आत मल्लूनं पिशवीतून रोटाव्हेटरचं चोपडं काढलं आणि सुरू झाला.

"किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तर लोक काय म्हणाले माहिताय? लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणे. दोन वर्षं गिऱ्हाईक नाही. आपले लोक असेच बे."

मल्लू फौंड्रीत मोल्डिंगला आहे, तो लोखंडाचीच बाजू घेणार. पण बसूची मंगळवेढ्याकडं काळी जमीन, तो लगेच पेटला.

"येडे नव्हते ते. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, फाळ लोहार पाजवून द्यायचा, हिशेब सुगीला धान्यात. ह्या नांगराला रोख पैसे. आणि ऐन नांगरटीत फाळ तुटला तर काय बेळगावला जायचं?"

"बेळगावलाच," अण्णा म्हणाले. अण्णा इतिहासाचे मास्तर होते, निवृत्त झाले तरी तास संपलेला नाही. "लक्ष्मणरावांचं सायकलचं दुकान तिथं होतं. चित्रकार व्हायला जे. जे.मध्ये गेलेला माणूस, रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांकडं वळला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग नांगर. पुढं नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळ दिला. निवडुंग आणि साप. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी वसवली."

"राजानं जागा दिली म्हणून झालं की," बसू.

"जागेनं नांगर खपतो का? हरळीनं खपवला!" अण्णा म्हणाले.

हे मात्र बसूला पटलं. हरळी आणि कुंदा ही खोल मुळीची तणं, लाकडी नांगराला भीक घालत नाहीत. वरून कापलं की खालून दुप्पट येतं. लोखंडी नांगर खोल जातो, मुळी उलटी करून उन्हात टाकतो. त्याला सहा-आठ बैल लागायचे, ते वेगळं. बसूचं म्हणणं, विषाची गोष्टही तिथूनच आली असणार. खोल नांगरलं की घमेल्याएवढी ढेकळं वर येतात. ती उन्हानं, पावसानं फुटेपर्यंत रान बघवत नाही. शेजारी म्हणणारच, वाटोळं झालं. मला हे विषाच्या गोष्टीपेक्षा जास्त खरं वाटतं.

मल्लू आता धंद्यावर आला. "बीड म्हणजे ओतीव लोखंड. कडक असतं, पण ठिसूळ. दगडाला लागलं की टोक गेलं. म्हणून फाळ वेगळा, बोल्टनं बसवायचा. झिजला की नांगर ठेव, फाळ बदल." पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा दिल्या, हेही त्यानंच सांगितलं. तोफ फोडून भट्टीत टाकायची म्हणजे काय काम असेल, हे हातवारे करून दाखवताना त्याचा कप लवंडला.

पुढचं अण्णांनी घाईनं उरकलं. 1920ला 'किर्लोस्कर खबर', मग पंप, 1946ला खडकीत ऑइल इंजिनं. मला खबरीवर जरा ऐकायचं होतं. नांगर विकायला निघालेल्या कारखान्यानं मासिक काढावं आणि ते घराघरांत वाचलं जावं, ही काही साधी गोष्ट नाही. पण बसू परत फाळावर.

"म्हणजे मी म्हणतोय तेच. सुटा भाग मिळाला म्हणून नांगर चालला."

इथं मला बोलावंच लागलं. गेल्या साली आमच्या रोटाव्हेटरचं बेअरिंग गेलं. कंपनीचं नाव घेत नाही, शोरूम चकाचक आहे. नऊ दिवस "पार्ट निघालाय" ऐकत होतो. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, गेला, पेरणी मागं पडली.

"बघ," बसू मल्लूला म्हणाला, "हा पण येडा का?"

मल्लू गप्प. मग म्हणाला, "तुझ्या परसात आजोबांचा नांगर पडलाय ना? फाळ काढून आण. ग्राइंडरला लावतो, ठिणगी बघून सांगतो बीड आहे का पोलाद."

"आणि शेळी कशाला बांधू?"

चहाचे पैसे अण्णांनी दिले.