खुलासा: चार इयत्ता एका खोलीत बसवणं बेकायदा नाही

‘पाटण तालुक्यातल्या वाडीवस्तीच्या शाळांत पहिली ते चौथी एकत्र बसवतात, हे बेकायदा आहे,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरलेत; मग वर्ग जोडून शिकवणं आलंच.

मी अशाच शाळेत शिकवते. काल चौथीतली मुलगी पहिलीतल्या पोराला चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला शिकवत होती. तो सारखा अडखळला, आणि समजावता समजावता तिलाच हातचा का घ्यायचा ते उमगलं! तेवढ्यात माझा तिसरीचा भागाकार झाला.

एकच शिक्षक असला की ओढाताण होते, ती तक्रार रास्त आहे. दुसरा शिक्षक जरूर मागा. पण मेसेज वाचून पोराचा दाखला काढू नका.