टाच मोजली, कंबर राहिली

रविवारच्या हाडांच्या तपासणीच्या शिबिरावरून तलावपाळीच्या कट्ट्यावर भांडण होणार हे ठरलेलंच होतं. शिबिर भरवलं खजिनदारांनी, आणि भर सोसायटीसमोर तिथल्या यंत्राला नावं ठेवली सिस्टरनी. सोमवारी संध्याकाळी दोघंही वेळेआधी हजर.

"निम्मी सोसायटी तपासून घेतली. एक रुपया न घेता!" खजिनदारांनी सुरुवात केली.

"टाच तपासलीत," सिस्टर म्हणाल्या. "मोडतं काय? खुबा, मणका, मनगट. टाचेच्या अल्ट्रासाउंडवरून फार तर अंदाज येतो. निदान करायचं तर डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रे, खुब्याचा आणि कमरेच्या मणक्याचा. त्यात तरुण निरोगी हाडाशी तुलना करून जो आकडा येतो तो टी-स्कोअर. तो उणे अडीच किंवा त्याच्याही खाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ठरवलेली ही रेघ टाचेच्या यंत्राला लागूच होत नाही. आणि तुमच्या त्या यंत्रावरच्या पोरानं ज्यांना ज्यांना 'हाडं ठिसूळ' म्हणून सांगितलं, त्यांना डेक्सा करा म्हणाला? डबा दिला हातात."

डबा कॅल्शियम पावडरीचा. शेजारच्या टेबलावर विकायलाच ठेवले होते. खजिनदारांनी दोन घेतले.

खजिनदार कुठंही बोलले तरी वार्षिक सभेत बोलल्यासारखे बोलतात. "मुद्दा क्रमांक एक. माझी आजी नव्वदाव्या वर्षी विहिरीवरून दोन हंडे आणायची, तिनं कुठला डेक्सा केला होता? मुद्दा क्रमांक दोन. हे सगळं लॅबवाल्यांचं दुकान आहे."

"तुमची आजी नव्वदीला पोचली म्हणून तिची गोष्ट सांगता," सिस्टर म्हणाल्या. "जी सत्तरीत खुबा मोडून अंथरुणाला खिळली आणि चार महिन्यांत गेली, ती घरोघरी 'म्हातारपणानं गेली' एवढंच सांगतात."

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते मूळचे बीड जिल्ह्यातले, केज तालुक्यातले. "माझी आई तशीच गेली," ते म्हणाले. "न्हाणीत पडली. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या. परत उठली नाही."

सिस्टरची सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं, आणि पुरुष बायकांपेक्षा जास्त जातात, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मग मास्तरांकडे वळल्या. "गेल्या वर्षी वहिनींचं मनगट मोडलं. कुठून पडल्या होत्या?"

"कुठून म्हणजे? उभ्या उभ्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय सरकला."

"पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर ती हाडानं धाडलेली नोटीस समजायची. पुढचा नंबर खुब्याचा किंवा मणक्याचा. प्लास्टर काढताना डेक्सा करा असं कोणी म्हणालं?"

"नाही. एक्स-रे दाखवला. म्हणाले, छान जुळलंय."

"एक्स-रेमध्ये हाड विरळ दिसायला लागतं तोवर तीसेक टक्के गेलेलं असतं, मास्तर."

माझ्या मते सगळं पाणी इथंच मुरतं. आपल्या घरातल्या बायका डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं तर जातात, नाही दिलं तर स्वतःहून कधीच जात नाहीत. साखर आणि रक्तदाब घराघरात पाठ झालेत, कारण प्रत्येक दवाखान्यात त्याबद्दल विचारतात. हाडांबद्दल कोणी विचारत नाही. विरळ झालेलं हाड मोडेपर्यंत दुखत नाही, दुखतात ते गुडघे. मग आई गुडघ्यासाठी दहा वेळा डॉक्टरकडे जाते, दहाही वेळा गुडघ्याबद्दलच बोलणं होतं आणि घरी सगळ्यांना वाटतं की हाडं दाखवून झाली. गुडघ्याची झीज वेगळी आणि हाड पोकळ होणं वेगळं, हे शिकलेल्या घरांतही ठाऊक नसतं.

मास्तर म्हणाले, "आमची ही गेलीही नसती. स्वतःवर दोन-अडीच हजार खर्चायचे म्हणजे तिला पाप वाटतं."

"तुम्ही विचारलं होतंत?"

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

बँकवाल्यांनी मध्येच आयुष्मान कार्ड काढलं. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांपर्यंत उपचार मोफत, मग पैशाची रड कशाला, हे त्यांचं म्हणणं.

"ते कार्ड दाखल झाल्यावर चालतं," सिस्टर म्हणाल्या. "खुबा मोडा, भरती व्हा, ऑपरेशन फुकट. मोडू नये म्हणून बाहेरच्या बाहेर डेक्सा करायचा तर पैसे खिशातले. पाच लाख आहेत, अडीच हजार नाहीत. सरकारची तिशीपुढच्यांची तपासणी आहे, त्यात साखर आहे, रक्तदाब आहे, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. हाड नाही. तालुक्याच्या गावात तर यंत्रच नसतं. म्हातारीला जिल्ह्याला न्यायचं कोणी, मुलानं रजा काढायची की सुनेनं, इथंच विषय संपतो."

यावर मास्तर एकदम पेटले. "आमच्याकडच्या ऊसतोडीच्या बायकांचं काय करता? २०१९ च्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजार बायकांत तेरा हजारांवर बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. विधिमंडळात गाजलं, समिती नेमली, पुढं? माझ्या भावकीतल्याच आहेत दोघी. तिशीत पिशवी गेली. खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, पाळीची कटकट नको, म्हणून काढली."

"पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर त्याच दिवशी पाळी गेल्यातच जमा," सिस्टर म्हणाल्या. "अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक गेलं की हाड झपाट्यानं झिजतं. अमेरिकेत बायकांना ६५ नंतर सरसकट तपासणी सांगतात, त्याआधी ज्यांना धोका आहे त्यांनाच. आपल्या या बायका चाळिशीतच त्या धोक्यात बसतात, आणि डोक्यावर मोळी असते. त्यांना ६५ ची वाट बघायला लावायची?"

कोणीच उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर हाडांच्या तपासणीची सरकारी मोहीम कधी निघालीच, तर तिची पहिली गाडी या बायकांच्या गावात जायला हवी, आमच्या सोसायटीत नव्हे. शहरातल्या आम्हा लोकांना हे सांगणारी एक सिस्टर तरी कट्ट्यावर भेटते.

बँकवाल्यांनी विचारलं, "पण कळून तरी करायचं काय? म्हातारपण काय औषधानं जातं?"

"आठवड्याला एक गोळी. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, वर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन. डॉक्टर ठरवतील ते. शिवाय नाचणी, दूध, ऊन, चालणं. आणि पडायचं नाही."

'पडायचं नाही' म्हटल्यावर मास्तरांना जिना आठवला. जिन्यातला दिवा गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. तीन वेळा अर्ज दिला, असं मास्तर म्हणतात. अर्ज विहित नमुन्यात नव्हता, असं खजिनदार म्हणतात. मग लिफ्ट निघाली, मग गच्चीची टाकी निघाली, मग पाच वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब निघाला. "तुझ्या दिव्यापायी माझ्या बायकोचं मनगट गेलं!" मास्तर ओरडले. चहावाल्यानं न मागता कटिंग पाठवला.

सिस्टरनी मात्र धागा सोडला नव्हता. "खजिनदार, दम्याच्या गोळ्या अजून चालू आहेत का हो?"

"आहेत की. त्रास वाढला की केमिस्टकडून आणतो. डॉक्टरची फी वाचते."

"स्टिरॉइड आहे ते. महिनोन् महिने पोटात गेलं की हाड खातं. वर तंबाखू."

"हा बायकांचा रोग आहे! अमेरिकेतसुद्धा पुरुषांना तपासणी सांगत नाहीत, मी वाचलंय."

"सरसकट सगळ्या पुरुषांबद्दल पुरावा अपुरा आहे, असं ते म्हणतात. गरज नाही असं म्हणत नाहीत. आणि तुम्ही कुठं सरसकट आहात? तरुणपणी उंची किती होती?"

"पाच फूट आठ. पोलीस भरतीत मोजलेली!" खजिनदारांनी छाती काढली.

बँकवाल्यांनी चहावाल्याकडून टेप मागवली. खजिनदारांना दिव्याच्या खांबाला टेकवून उभं केलं, मास्तरांनी डोक्यावर पेपर आडवा धरला. पाच फूट सहा.

"टेप चायनाची आहे," खजिनदार म्हणाले. मग खांब वाकडा निघाला, मग पेपर.

"चार सेंटीमीटरच्या पुढं उंची घटली की मणका तपासायचा," सिस्टर म्हणाल्या. "मणके आवाज न करता बसतात. आणि त्या गोळ्या मनानं एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. शनिवारी वहिनींसाठी डेक्साची वेळ घेणार आहे, तुमचंही नाव घालते. मास्तर, या वेळी वहिनींना विचारा."

"विचारतो. आजच विचारतो."

खजिनदारांनी खांबापासून डोकं सोडवलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मुद्दा क्रमांक तीन. दोघांचं एकदम केलं तर कोटेशनमध्ये काही कमी होतं का?"

हसता हसता बँकवाल्यांच्या हातातला चहा सांडला. सिस्टरही हसल्या आणि हसतच त्यांनी वहीत दुसरं नाव लिहून घेतलं.