जपानात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही

सुट्टीतल्या सहलींची बुकिंग सुरू झाली की सोलापुरातल्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘जपानला जाताय? शाकाहारी असाल तर उपाशी राहाल. तिथलं सगळं जेवण माशाचं. शाकाहारी जपानी हॉटेल ही पर्यटकांसाठी काढलेली नवी टूम आहे. टोफूला चव नसते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून न्या, नाहीतर सरळ भारतीय हॉटेल गाठा.’ हा वाचून माझी आई क्योतोला यायलाच तयार नव्हती. ती आयुष्यभर एकादशी करत आलेली, तिची काळजी रास्तच. म्हणून हा मेसेज मला नुसता वाचून सोडून देता येत नाही.

आधी ‘नवी टूम’. इ.स. ६७५ मध्ये तेम्मु सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली, तीही वर्षातल्या ठरावीक महिन्यांत. मासे चालत होते. पण बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरात मासेही नव्हते, आणि तिथेच ‘शोजिन र्‍योरी’ हा शाकाहारी स्वयंपाक घडला. १२३७ साली दोगेन या झेन आचार्यांनी मठातल्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. तांदूळ कसे निवडावेत, धुताना एक दाणाही कसा वाया जाऊ देऊ नये, इतक्या बारकाईने. उलट, नवं म्हणायचंच तर गोमांसाला म्हणावं: मेइजी सम्राटाने ते खाल्ल्याचं जाहीर झालं ते १८७२ मध्ये. आठशे वर्षं होत आलेल्या या परंपरेला टूम म्हणणं मला पटत नाही.

‘सगळं जेवण माशाचं’ यात मात्र तथ्य आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हे पातळ सार. नेहमीच्या हॉटेलात ते बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेला मासा, घालून करतात. हा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्यासारख्या पात्यावर त्याच्या पातळ चकत्या काढतात. त्यामुळे मिसो सूपमध्ये, भाजीच्या रश्श्यात, वरून साध्या दिसणाऱ्या नूडल्समध्येही तो असू शकतो. ताटात मासा दिसला नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं तिथे धरून चालू नका.

पण दाशी माशाशिवायही होते. मठांत ती कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम भिजवून करतात. आणि ही काही दुय्यम सोय नव्हे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने ‘उमामी’ या रुचकर, भरीव चवीचं मूळ शोधलं, ते याच कोम्बुमधलं ग्लुटामेट हे द्रव्य काढून. म्हणून ऑर्डर देताना ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढं विचारून थांबू नका. दाशी कशाची आहे, ते विचारा. जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ असली तर उत्तमच.

आता चव. क्योतोच्या अराशियामा भागात तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सु’ आहे; तिथे शोजिन जेवण मिळतं, फक्त दुपारचं. आई शेवटी आली. जमिनीवर बसायचं, समोर लाखेच्या लाल वाट्या. त्यातला गोमा-दोफु मी विसरणार नाही. नावात टोफू असला तरी यात सोयाबीन नसतं. तीळ खूप वेळ वाटायचे, पार गुळगुळीत होईपर्यंत, आणि कुड्झू या वेलीच्या मुळांच्या पिठासोबत घोटत शिजवून वड्या पाडायच्या. आपल्याकडे उखळात कुटता कुटता शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी होते, तशीच ती निव्वळ हाताच्या मेहनतीची चव. आईने पहिला घास तोंडात धरून ठेवला आणि म्हणाली, “अगं, हे तर तीळ!” मग वाटी पुसून खाल्ली. कांदा-लसूणही या स्वयंपाकात नसतो. जैन मंडळींनी मात्र आधी बोलून घ्यावं, कारण मुळा आणि इतर कंदमुळं भरपूर असतात.

भाकरी-चटणी न्यायला माझी ना नाही. रेल्वेच्या लांब प्रवासात, पहाटेच्या भुकेला ती लागतेच. पण क्योतोत बसून दुपारी तीच खाणं, किंवा रोज भारतीय हॉटेल शोधत फिरणं, ही मला खरी उपासमार वाटते. मंदिरात जेवायला वेळ किंवा पैसे नसतील तर तोक्यो स्टेशनातच ‘टीज तानतान’मध्ये मांस-मासे-अंडी नसलेलं रामेन मिळतं. आणि जमलं तर कोयासानला एक रात्र राहा. नवव्या शतकात कुकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवलेल्या त्या डोंगरावरची कितीतरी मंदिरं प्रवाशांना उतरवून घेतात आणि हेच जेवण वाढतात. जेवण संध्याकाळी लवकर असतं, आणि खोली आधी बुक करावी लागते.