गिटारचं बटन वाढवायच्या आधी कमी करून पाहा

गेल्या महिन्यात एका गावात भजनाला साउंड लावायचं काम होतं. गावाचं नाव सांगत नाही, मंडळवाले ओळखीचे आहेत आणि पुढच्या वर्षीचं काम मला पाहिजे. खंजिरी, पेटी, ढोलक, टाळ, आणि या वर्षी पहिल्यांदाच एक गिटार. मंडळातल्या एका आजोबांचा नातू अमरावतीला कॉलेजात शिकतो, तो घेऊन आला होता.

पोरानं पिन लावली, पहिला फटका मारला आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या एका म्हातारीनं पदर ओढून कान झाकून घेतले. तिचं काही चुकलं नाही. पत्र्याच्या पिंपावर मूठभर गिट्टी फेकावी तसा आवाज होता. पोरगा स्टेजवरून खुणा करतो, "काकाजी, बेस वाढवा!" बेस वाढवला तर बॉक्स, म्हणजे स्पीकर, घूंऽऽ करून घुमायला लागला. "मग ट्रेबल वाढवा!" ट्रेबल वाढवला तर शिट्टी. "एक्को टाका थोडा!" एक्को टाकला तर तीच गिट्टी आता विहिरीत पडल्यासारखी वाटायला लागली. शेवटी मी मिक्सर सोडून त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "अबे, पयले सगळं कमी तं करू दे. वाढवून वाढवून कुठं चालला तू?"

बावीस वर्षं झाली मला साउंडच्या धंद्यात. लग्न, भागवत सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, धान निघाल्यावर वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांच्या रात्री, सगळं केलं. माझं मत असं बनलं आहे की वायर लावलेल्या गिटारमधून लाकडाचा आवाज पाहिजे असेल तर त्यात काही घालू नये, आधी काढावं. आमच्याकडे मात्र आवाज चांगला नाही म्हटलं की हात वाढवण्याच्याच दिशेनं फिरतो.

मुळात गिटारच्या पोटात काय असतं ते पाहा. तारा जिथं टेकतात ना, ब्रिजवरची पांढरी पट्टी, जिला सॅडल म्हणतात, तिच्याखाली एक बारीक फीत असते. पिएझो. दाब पडला की वीज तयार होते. १८८० साली पिएर आणि जॅक क्युरी या दोघा भावांनी स्फटिकांचा हा गुण शोधला. तुमच्या घरी गॅस पेटवायचा टक् वाजणारा लायटर असतो, त्याच्यातही हेच आहे. आता गंमत अशी की आपण गिटार ऐकतो ती हवेतून. तार हलते, तिच्यासोबत वरची फळी हलते, पोटातली हवा श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होते आणि हे सगळं मिसळून चार हातांवर बसलेल्या माणसाच्या कानात जातं. पिएझोला यातलं बरंचसं माहीतच नाही. त्याला कळतो तो सॅडलवरचा दाब. म्हणजे एखादा माणूस बोलतो आहे आणि तुम्ही त्याचं बोलणं दातांवर बोट ठेवून ऐकता आहात, असा प्रकार. नखाचा, पिकचा पहिला टक् त्यात अव्वाच्या सव्वा येतो आणि मागून येणारा लाकडाचा ओलावा येतच नाही.

म्हणून गिटार पत्र्यासारखी वाजते. गिटार स्वस्त आहे म्हणूनच असं होतं हे खरं नाही. मी चाळीस हजारांची गिटारही पत्र्यासारखी वाजताना ऐकली आहे.

दुसरी चूक आमच्या धंद्यातल्या लोकांची. काही गिटारमध्ये नुसता पिएझो असतो, त्याचा आवाज मजबूत करणारा बॅटरीवाला प्रीअँप नसतो. त्याची पिन सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसली की बेस गायब. पिएझो फार नाजूक वीज देतो, त्याला समोर साधारण दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त अडवणारं पाहिजे. साध्या लाइन इनपुटला दहा हजाराच्या आसपास असतात. जाड आवाज तिथंच गळून जातो, वर उरते ती किरकिर. मग तुम्ही बेसचं बटन पिळत बसा, जे आलंच नाही ते कुठून वाढेल? अशा गिटारला मध्ये एक अॅक्टिव्ह डीआय बॉक्स लावायचा. तळहाताएवढी डबी असते, एकीकडे गिटारची पिन, दुसरीकडे माईकची वायर. पायानं दाबून आवाज बदलायच्या बाकी पेडलांवर खर्च करण्याआधी पोरांनी हा घ्यावा, असं मी चार वर्षांपासून सांगून राहिलो. ऐकते कोण.

या पोराच्या गिटारला प्रीअँप होता. त्यावर चार बटनं, चारही शेवटापर्यंत वर. मी सगळी मधोमध आणली, व्हॉल्यूम निम्म्यावर. मिक्सरवर लो-कट, म्हणजे अगदी खालचा जाड आवाज कापणारं बटन, दाबलं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ वेळा हलून, वाजते, त्याच्या खाली तिच्याकडे देण्यासारखं काही नाही. तिथून येतो तो हाताचा ठोका, स्टेजच्या फळ्यांचा धपधप आणि दूरच्या जनरेटरची घरघर. ते गेलं तर गिटारचं काही जात नाही.

मग मिडकडे, म्हणजे मधल्या आवाजाकडे वळलो. माझ्या मिक्सरवर मिडची दोन बटनं आहेत, एक जागा ठरवतं, दुसरं कमी-जास्त करतं. इथं मात्र थोड्या वेळापुरती वाढवायची परवानगी. मिड चढवायचा आणि जागेचं बटन हळूहळू फिरवत जायचं. एका जागी आवाज इतका घाण होतो की आपलंच तोंड वाकडं होतं. बहुतेक वेळा हे एक ते तीन हजार हर्ट्झच्या मधे कुठंतरी सापडतं. सापडलं की तिथंच खाली ओढायचं. त्या रात्री पोरगा एकच सुरावट वाजवत होता आणि मी बटन खाली नेलं तसा तो वाजवता वाजवता थांबला आणि बॉक्सकडे बघायला लागला. त्याला वाटलं मी काहीतरी लावलं. मी काढलं होतं.

घुमण्याचं वेगळं. गिटारचं पोट म्हणजे एक घागरच आहे, तिची स्वतःची एक घूं असते. मोठ्या पोटाच्या गिटारची ती बरेचदा १०० हर्ट्झच्या आसपास पडते. म्हणून मोकळी ए तार, जी ११० ला वाजते, तिच्या आजूबाजूलाच बॉक्स धरून ठेवतो. बॉक्समधून आवाज निघतो, गिटारची फळी हलवतो, ती पिएझोला हलवते, पुन्हा बॉक्स. चक्कीच सुरू होते. त्यावर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वादकाला दोन पावलं सरकवणं. पोरं नेमकी बॉक्सच्या तोंडासमोर उभी राहतात, का तर स्वतःला ऐकू आलं पाहिजे. दुसरं औषध म्हणजे गिटारच्या भोकाला झाकण. विकत रबराचं मिळतं. मी शाळेतल्या एका फाटक्या योगा मॅटवर स्टीलची वाटी ठेवून गोल कापलेला आहे, भोकापेक्षा जरासा मोठा, दाबून बसवला की बसतो. माझ्या पेटीत असे तीन आहेत. त्यातला एक निळा त्या रात्री कामाला आला. प्रीअँपवर फेज नावाचं, आवाजाची लाट उलटी करणारं बारकं बटन असेल तर तेही एकदा दाबून पाहावं. कधी कधी नुसत्या त्यानं घूं थांबते, कधी काहीच होत नाही.

आता जरा गिटार उघडण्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी एका गुरुजींची गिटार आली होती. सहापैकी चार तारा ठीक, एक कानात घुसणारी आणि एक जणू नाहीच. दुकानदारानं त्यांना पिकअप, म्हणजे आवाज पकडणारा पिएझोच, गेला म्हणून सांगितलं होतं, नवा टाका. मी तारा सैल करून सॅडल उपसली, तर तिच्या बुडाशी एका बाजूला कागदाची घडी. कोणीतरी तारा उंच करायला ठेवली असावी. आणि पट्टीचं बूडही सपाट नव्हतं, उजेडात धरली तर खाली फट दिसत होती. ज्या तारेखाली पट्टी पिएझोवर नीट दबत नाही, ती तार पिएझोला ऐकूच येत नाही. मी ती पट्टी आमच्या गावच्या वाढ्याकडे, म्हणजे सुताराकडे नेली. त्यानं खिडकीची काच आडवी ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि पट्टी उभी धरून, न डुलवता, एकाच दिशेनं घासली. दर पाचसहा हातांनंतर डोळ्याजवळ नेऊन पाहायचा. दहा मिनिटांत झालं. पैसे विचारले तर म्हणे, "याचे काय पैसे घेऊ भाऊ, वखराची खिट्टी असती तं घेतले असते." सहाही तारा सारख्या वाजल्या.

या पट्टीचा आणि आपल्या उन्हाचाही संबंध आहे. अकोला, चंद्रपूर, नागपूर, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हवेत पाणीच राहत नाही. लाकूड आकसतं, वरची फळी बसते, तारा खाली येऊन फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, झणझणतात, फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के दमट हवा मानवते. आमच्याकडे मे महिन्यात अंगणात कोरडं वाळवंट आणि खोलीत कुलर. कुलरच्या समोर भिंतीला टेकवलेली गिटार रात्रभर ओलावा पिते आणि दुपारी मोटरसायकलवर पाठीला बांधून भट्टीत निघते. मग कार्यक्रमात सूर का उतरून राहिला म्हणून आमच्या वायरकडे पाहतात! गिटार तिच्या पेटीतच ठेवा. प्लास्टिकच्या साबणदाणीला भोकं पाडा, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेवा, ती पेटीत तारांच्या डोक्याकडे सरकवा. पावसाळ्यात काढून टाका.

बॅटरीबद्दल एकच ओळ. पिन खुपसलेली राहिली की प्रीअँप चालू राहतो, म्हणून नऊ व्होल्टची बॅटरी घरीच मरते आणि स्टेजवर आवाज फाटतो.

मग साधा माईकच का नाही लावत, असं जाणकार लोक विचारतात. लावतो. शाळेच्या हॉलमध्ये, एकटा वादक, पोरं शांत बसलेली, तिथं माईकसारखं काही नाही. दांडी जिथं पोटाला मिळते त्या बाजूला, साधारण वीतभर लांब. भोकासमोर लावू नका, तिथं नुसती हवा धपापते. पण मोकळ्या मैदानात, बाजूला ढोलक, मागं जनरेटर, समोर नाचणारी पोरं, तिथं तो माईक सगळ्या गावाला ऐकतो आणि गिटारला सोडून देतो. दोन्ही एकत्र लावायचे असतील तर माईकचं फेज उलटसुलट करून पाहा आणि ज्या बाजूला आवाज भरीव लागेल ती ठेवा.

हल्ली माईकवर गिटार कशी ऐकू येते त्याचा ठसा साठवून ठेवणारे पेडल आले आहेत. मी एका पाहुण्या कलाकाराकडे ऐकला. काम चोख करतो, खोटं बोलणार नाही. पण त्याची किंमत त्या अमरावतीच्या पोराच्या गिटारपेक्षा जास्त होती, आणि जो माणूस बॉक्ससमोरून हलत नाही त्याला तोही वाचवू शकत नाही.

एक गोष्ट रागानं लिहितो. घरघर येते म्हणून प्लगची मोठी पिन, अर्थिंगची, पक्कडनं तोडणारे महाभाग आहेत. एका मांडवात तसंच केलेलं होतं, माईकला ओठ लागला आणि गाणारा मागे फेकला गेला. जीव वाचला. घरघर घालवायला डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटन असतं. पिनेला हात लावू नका.

तर त्या रात्री. एवढं सगळं झाल्यावर एकटी गिटार छान वाजली, जाड, गोल. भजन सुरू झालं तेव्हा ती कुठंच दिसेना. हे होणारच होतं. खाली ढोलक बसलेला, मधे पेटी, वर खंजिरीच्या झांजा. एकटीला जो भरीवपणा शोभतो तो मेळ्यात चिखल होतो. म्हणून तिथं मी तिचा खालचा भाग आणखी कापला, १५० हर्ट्झपर्यंत. एकटं ऐकलं असतं तर पोरगा रडला असता. भजनात मात्र ती खंजिरीच्या पाठीमागून बारीक, स्वच्छ निघाली.

मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढी गर्दी आणि आवाज नाही. मी एकदा तिथं होतो. त्या मौनात मला दूरच्या बॉक्समधली बारीक सूं ऐकू आली, जी एरवी कधीच ऐकली नसती. घरी येऊन मी माझे सगळे गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणारा आवाज किती उचलायचा ती बटनं, पुन्हा लावले. तेव्हापासून कार्यक्रमाआधी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवतो. लोक हसतात.

मध्यरात्री चहाची सुटी झाली. खंजिरी थांबली, पेटीवाले बिडी प्यायला गेले. पोरगा एकटाच बसून बोटांनी काहीतरी हळू वाजवत होता. मी १५० चा काप परत खाली आणला आणि आवाज थोडा उतरवला. कान झाकून घेणारी ती म्हातारी मंडपाच्या बल्लीला टेकून झोपली होती, पदर खांद्यावर आलेला.

पोरानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकाजी, बोअर झाली का आजी?"

"नाही बे," म्हटलं. "वाजव तू."